चार कळा कमी असलेल्या टंकयंत्राबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक संचालक,
विहीर सर्वेक्षण व नोंद संचालनालय,
रामदासपेठ, नागपूर.

अर्जदार : कु. प्रेमिला देवराव गजभिये, मराठी टंकलेखिका (सध्या निलंबित), विभागीय विहीर-नोंद कार्यालय, नागपूर. राहणार इंदोरा.

विषय : पूर्ण कळफलकाचे टंकयंत्र नाकारून अपुरे यंत्र निवडल्यामुळे मौजे पिंपळदरा, तालुका नरखेड येथील भरल्या पाण्याची विहीर बुजविली गेल्याबाबत.

संदर्भ : १) निलंबन आदेश क्र. आस्था/३१/७९, दि. १६ एप्रिल १९७९.
२) अर्जदाराचे दि. २३ एप्रिल व ७ मे रोजीचे दोन अर्ज. दोन्हींची पोच मिळाली. उत्तर मिळाले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये अर्जदार सविनय सादर करते की, हा तिचा तिसरा अर्ज आहे. मागील दोन अर्जांत तिने 'मी' असे लिहिले होते. ते वाचून आस्थापना शाखेतून "हे तर रडगाणं होय, अर्ज कुठी हाये?" असा शेरा तोंडी मिळाला. म्हणून या खेपेस तिने स्वतःला 'अर्जदार' म्हटले आहे आणि रडण्याचे टाळले आहे.

१. अर्जदार या कार्यालयात चार वर्षांपासून मराठी टंकलेखनाचे काम करते. तिचे वडील श्री. देवराव हे कापड गिरणीत साचेवाले होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली त्या वेळी अर्जदार तीन वर्षांची होती व त्यांच्या खांद्यावर होती. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनीच तिला टंकलेखनाच्या वर्गात नेऊन बसविले आणि बजावले, "पोरी, जे लिहिशीन थे बरोबर लिहिजो. आपल्या लोकायचं लई नुकसान दुसऱ्याच्या लिहिण्यानं झालं." शासकीय परीक्षेत अर्जदाराची एकही चूक निघाली नाही. चार वर्षांत तिच्या हातून गेलेल्या कागदांवर कार्यालयाने लाल शाई वापरल्याचे एकही उदाहरण जुलै १९७८ पूर्वी सापडत नाही. शोधून पाहावे.

२. कार्यालयातील जुने मराठी यंत्र फेब्रुवारी १९७८ मध्ये कायमचे बसले. नवीन यंत्राच्या निवडीसाठी तीन जणांची समिती नेमण्यात आली : अधीक्षक श्री. मनोहरराव काळमेघ, लेखापाल श्री. आनंदराव आणि भांडारपाल श्री. भैयाजी. या तिघांपैकी एकालाही टंकलेखन येत नाही. हा आरोप नव्हे, त्यांच्या सेवापुस्तकातील नोंद आहे. ज्याला पोहता येत नाही त्याने विहीर निवडावी, असा प्रकार आपल्या खात्यात नवा नसल्याने कुणाला काही वावगे वाटले नाही.

३. दि. ४ जुलै रोजी समिती सीताबर्डीवरील एका दुकानात गेली. यंत्राजवळचे कागद-कार्बन धरायला कुणी हवे म्हणून अर्जदारालाही नेण्यात आले. दुकानदाराने दोन यंत्रे पुढे ठेवली. एक टेबलावरचे पूर्ण मापाचे होते. चव्वेचाळीस कळा, लांब रूळ आणि बोट ठेवताच खणखणीत उठणारा ठसा. दुसरे लहान, फिक्या निळ्या रंगाचे, झाकणाला मूठ असलेले. फिरतीवरच्या माणसाने पेटीसारखे हातात घेऊन जावे असे. कळा चाळीस.

समितीने निवड कशी केली ते अर्जदाराने डोळ्यांनी पाहिले आहे. श्री. भैयाजींनी दोन्ही यंत्रे कोहळ्यासारखी उचलून पाहिली व मोठ्याला "लई वजनी" म्हणून तिथेच बाद केले. श्री. आनंदराव यांनी झाकणाची कडी पाच वेळा लावली आणि काढली. श्री. काळमेघ यांनी बोटाच्या पेराने निळा पत्रा वाजवून पाहिला. एकानेही कागद चढविला नाही. एकानेही एक अक्षर उमटवून पाहिले नाही.

अर्जदाराने दुकानदाराच्या परवानगीने लहान यंत्रावर कागद चढविला आणि 'शेतकऱ्यांच्या विहिरींतील गाळ' एवढेच टंकायला घेतले. ते टंकता येईना. तिने कळा मोजल्या आणि समितीस नम्रपणे सांगितले की, या यंत्रावर चार कळा कमी आहेत, म्हणजे आठ खुणा नाहीत. ळ नाही. शेतकऱ्यातला ऱ नाही. ज्ञ नाही, अर्धा ण नाही, 'ऑ'वरचा अर्धचंद्र नाही, दोन्ही कंस नाहीत आणि आकड्यांमधली तिरपी रेघ नाही. आपल्याकडे जमिनीचा एकही सर्व्हे नंबर तिरप्या रेघेवाचून लिहिता येत नाही.

यावर श्री. काळमेघ हसले व म्हणाले, "गजभियेबाई, तुमी बोटं चालवा. डोकं चालवाले आमी हावो."

श्री. भैयाजी म्हणाले, "अन् इतक्या मोठ्या वर्णमालेतून एक ळ नसला तर का आभाळ कोसळते का?"

आभाळ या शब्दात ळ आहे, हे त्यांना सांगण्याची अर्जदाराची छाती त्या दिवशी झाली नाही. आज सांगत आहे.

४. निळे यंत्र आले. कपाटात बसते, हा त्याचा एकमेव गुण ठरला. पहिल्याच आठवड्यात कार्यालयातून 'विहिरीतील गाल काढण्यात यावा' अशी तेहतीस पत्रे रवाना झाली. कुणाचा मळा होता, तिथे 'सदर विहीर मला येथे आहे' असे गेले. दुष्काळाचा दुष्काल झाला. 'शेतकऱ्यांना' हा शब्द तर लिहिताच येईना, म्हणून 'शेतीवाल्यांना' असे लिहा, असा तोंडी हुकूम झाला. अधीक्षकांचे स्वतःचे आडनाव कालमेघ असे उमटू लागले. त्यांनी त्याखाली मुकाट सही केली. यावरून ते सही करण्यापूर्वी काय वाचतात, याची साहेबांस कल्पना यावी.

मग अर्जदाराने आपल्या परीने मार्ग काढला. ती टंकताना ळ आणि तिरप्या रेघेसाठी मोकळी जागा सोडी व नंतर निळ्या शाईने ती जागा भरी. दररोज दीडदोनशे ठिकाणी. डबा खायच्या वेळेत. दि. २ नोव्हेंबर रोजी अधीक्षकांनी लेखी आदेश काढला : 'टंकित कागदावर हाताने लिहिणे ही खाडाखोड होय. यापुढे सक्त मनाई.' मग अर्जदार 'सतरा बटे दोन' असे शब्दांत लिहू लागली. दि. ९ नोव्हेंबर रोजी दुसरा आदेश आला : 'बटे हा बाजारी शब्द आहे. आकडे सलग टंकावेत.' दोन्ही आदेश सोबत जोडले आहेत. दोहोंवर अधीक्षकांची सही आहे. आडनाव चुकलेले आहे.

५. आता विहिरीबाबत.

मौजे पिंपळदरा येथे शाळेच्या कुंपणाला लागून, सर्व्हे नंबर १७/२ मध्ये, एक पडकी कोरडी विहीर आहे. गेल्या वर्षी तीत वासरू पडून मेले. ती बुजवावी असा गावाचा ठराव झाला व आपल्या कार्यालयाने तो मान्य केला. मंजुरीच्या मसुद्यात १७/२ असे स्वच्छ लिहिले होते. अर्जदाराने तो टंकताना अधीक्षकांकडे जाऊन विचारले, "साहेब, हे सलग लिहिलं तर एकशे बहात्तर होते. त्या गावात एकशे बहात्तर नंबर असंन तर?"

अधीक्षक म्हणाले, "तुमाले आदेश समजते का नाई? सलग म्हंजे सलग. गाववाल्यायले मालूम राहते."

आदेश १७२ असा गेला.

पिंपळदऱ्यात सर्व्हे नंबर १७२ आहे. तो श्री. महादेवराव वाळके यांचा संत्र्याचा बगीचा आहे. एकशेऐंशी झाडे. त्यात त्यांच्या वडिलांनी सुरुंग लावून खणलेली चाळीस फुटांची विहीर आहे. दि. २० मार्च रोजी मंगळवारी महादेवराव पंपाचा पट्टा आणायला काटोलला गेले असता ठेकेदाराचा ट्रक दगड-मुरूम घेऊन बांधावर आला. घरी त्यांच्या पत्नी रुखमाबाई एकट्या होत्या. त्यांनी मुकादमाचा हात धरून त्याला विहिरीत वाकून पाहायला लावले.

"पानी हाये त्याच्यात! दिसत नाई का तुले?"

मुकादम म्हणाला, "दिसून राहिलं न बाई. पन कागदात बंद हाये."

संध्याकाळपर्यंत नऊ खेपा पडल्या. दहावीच्या वेळी महादेवराव एसटीतून उतरून पळत आले आणि ट्रकच्या पुढे उभे राहिले, तेव्हा काम थांबले. झाडांवर आंबिया बहाराची फळे त्या वेळी वाटाण्याएवढी होती. शाळेजवळची विहीर आजही उघडी आहे. सरकारी कागदांत मात्र ती सोडून बाकी सगळे बुजले आहे.

६. दि. २२ मार्च रोजी महादेवराव तो आदेश घेऊन कार्यालयात आले. अधीक्षकांनी त्यांना श्री. आनंदरावांकडे पाठविले, आनंदरावांनी भैयाजींकडे, आणि भैयाजींनी, "टाइप कोनं केलं? तिले विचारा," असे म्हणून अर्जदाराच्या टेबलाकडे बोट केले. साठ वर्षांचा माणूस. धोतराला अजून मुरूम लागलेला होता. ते अर्जदारासमोर उभे राहिले व म्हणाले, "काहून वं पोरी, माह्या विहिरीनं तुह्यं काय घोडं मारलं होतं?"

अर्जदाराने त्यांना खुर्ची दिली. मग मसुदा, कार्बनची प्रत आणि नोव्हेंबरचे दोन्ही आदेश काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि बोट ठेवून सगळे वाचून दाखविले. त्यांनी यंत्राच्या दोन्ही कडांना हात लावून माप घेतले. म्हणाले, "एवढीशी हाये हे. एवढ्याशा पेटीनं माही चाळीस फूट बुजवली." मग त्यांनी पाणी मागितले. तो तांब्या अर्जदाराच्या टेबलावरचा होता. त्यांनी तो रिता केला आणि अर्जदाराचे नाव विचारले. आडनावही विचारले. सांगितले. जाताना रामराम न करता त्यांनी हात जोडून जयभीम केला. हे अर्जाच्या विषयाशी संबंधित नाही. तरी ते वगळू नये असे अर्जदारास वाटते.

शासकीय कागद पक्षकारास दाखविल्याचा ठपका यामुळे अर्जदारावर आला. तो तिला मान्य आहे.

७. चौकशी झाली. चौकशी अधिकारी म्हणून श्री. काळमेघ यांचीच नेमणूक झाली. यंत्र त्यांनीच निवडले, आदेश त्यांनीच काढला, आता चौकशीही त्यांनीच केली. एवढे एकहाती काम त्यांनी यापूर्वी कधी केल्याचे स्मरत नाही. चौकशीत अर्जदाराने यंत्र टेबलावर आणून ठेवले आणि विनंती केली, "साहेब, तिरपी रेघ कुठे आहे ते दाखवा. मी या क्षणी राजीनामा देते." अधीक्षकांनी चष्मा लावला. यंत्र डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. शेवटी उलटे करून पाहिले. त्यानंतर चहा आला.

अहवाल टंकित करण्याचे काम अर्जदाराकडेच आले, कारण कार्यालयात दुसऱ्या कुणाला ते येत नाही. निष्कर्ष असा : 'टंकलेखिकेने आवश्यक ती खूण यंत्रावर मन लावून शोधली नाही, सबब तिची हयगय सिद्ध होते.' अर्जदाराने हे वाक्य स्वतःच्या बोटांनी टंकले. एकही चूक न करता. मात्र त्याखाली सही करण्यास तिने नकार दिला. म्हणून निलंबन.

यंत्राबाबत समितीने असाही अभिप्राय नोंदविला आहे की, ते 'महिला कर्मचाऱ्यांस हलके व सोयीचे' आहे. अर्जदाराच्या आई इंदूबाई पहाटे चार वाजल्यापासून दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन सार्वजनिक नळावरून पाणी भरीत आल्या आहेत. बायकांना काय झेपते याबद्दल या तिघांनी त्यांच्याशी एकदा बोलावे. त्या समोरासमोर बोलतात.

८. निलंबनामुळे अर्जदारास वेळ मिळाला. दि. २२ एप्रिल रोजी रविवारी ती एसटीने पिंपळदऱ्यास गेली. क्षमा मागायला जात आहे, असे वडिलांना सांगितले होते. तिथे विहिरीच्या काठावर महादेवराव, रुखमाबाई आणि शेजारची सातआठ माणसे दोर आणि कप्पी लावून टोपलीने दगड वर काढीत होती. शेजारच्या विहिरीवरून मागून आणलेले पाणी झाडांना आळीपाळीने, तेही निम्म्याच झाडांना देत होते. बाकीची सोडून दिली होती. कोणती सोडायची ते महादेवरावांनी स्वतः ठरविले व त्या ओळींकडे मग ते गेले नाहीत.

रुखमाबाईंनी अर्जदाराला पाहून विचारले, "तूच का वं थे टायपिंगवाली?"

अर्जदार हो म्हणाली.

"मंग उभी काहून? ये, दोर धर."

अर्जदाराने दोर धरला. त्यानंतर आलेल्या प्रत्येक रविवारी धरला. बोटांना घट्टे पडले आहेत व टंकलेखनाचा वेग त्यामुळे कमी होईल अशी तिला भीती आहे. ही बाब सेवापुस्तकात नोंदवायची असल्यास हरकत नाही. मधल्या काळात तिने व गावच्या बायकांनी शाळेजवळच्या उघड्या विहिरीभोवती बोरीच्या काट्यांचे कुंपण घातले. कार्यालयाने करावयाचे काम काट्यांवर भागवावे लागले.

काल, दि. ३ जून रोजी, दुपारी दोनच्या सुमारास खालच्या माणसाने वर हाक मारली. शेवटच्या दगडांखालून झिरपा लागला होता. आधी ओल, मग बोटभर, आणि ऊन उतरेपर्यंत गुडघाभर. महादेवराव अडतीस-एकोणचाळीस फूट दोराने उतरले आणि खालीच बसून राहिले. वर यायला तयार होईनात. रुखमाबाईंनी वरून ओरडून विचारले, "अवो, रडून राहिले का?" खालून उत्तर आले, "नाई. मोजून राहिलो." पहिली बादली वर आली ती गढूळ होती. अर्जदाराने ती प्यायली. एकशेऐंशीपैकी एक्क्याण्णव झाडे जिवंत आहेत.

९. सबब अर्जदाराची प्रार्थना अशी की :

शाळेजवळची, सर्व्हे नंबर सतरा बटे दोनमधील विहीर पावसापूर्वी बुजवावी. ती कोणती ते ओळखायला सोपे आहे. तिच्यात पाणी नाही.

पुढचे टंकयंत्र निवडताना ज्याला त्यावर बसायचे आहे त्याला आधी एक पान टंकू द्यावे. समितीतील तिघांसही पान द्यावे. ते किती वेळात व कसे टंकतात ते पाहण्याची अर्जदारास मनापासून इच्छा आहे, परंतु तो तिचा हक्क आहे असे ती म्हणत नाही.

निलंबनाबाबत साहेबांस योग्य वाटेल ते करावे. अर्जदार त्यासाठी चौथा अर्ज करणार नाही.

एक गोष्ट मात्र ती मागते. कार्यालयाच्या नोंदवहीत सर्व्हे नंबर १७२ समोर आजही 'विहीर बुजविली. काम पूर्ण' असे आहे. त्या नोंदीमुळे वीज मंडळ महादेवरावांना पंपाची तोडलेली जोडणी पुन्हा देत नाही. नसलेल्या विहिरीवर पंप कसा बसवावा, असे विचारते. तेव्हा त्या नोंदीपुढे साहेबांनी स्वतः येऊन, पाहून, 'विहीर आहे, पाणी आहे' असे लिहावे व सही करावी.

पिंपळदऱ्याची एसटी नागपूरहून सकाळी सव्वासहाला निघते. फाट्यावरून दीड मैल चालावे लागते. वाट कुणालाही विचारावी, लहान पोरही सांगेल. चपला मात्र मजबूत घालून याव्यात. आपल्या खात्याचे दगड अजून बांधावरच पडले आहेत.

आपली, अद्याप नम्र,

(सही)
कु. प्रेमिला देवराव गजभिये

नागपूर, दि. ४ जून १९७९

सोबत :
१) मसुद्याची व पाठविलेल्या आदेशाची कार्बन प्रत.
२) दि. २ व ९ नोव्हेंबर १९७८ चे कार्यालयीन आदेश.
३) चौकशी अहवाल, अर्जदाराच्या सहीविना.
४) पिंपळदरा येथील एकोणीस जणांचे निवेदन. सह्या सात, अंगठे बारा.
५) एका बाटलीत पाणी. कालचे. गाळ खाली बसू द्यावा, मग पाहावे.